लाल दिवा कितीही मोठा केला तरी इलेक्ट्रॉन निघत नाही, हे पटतं का तुम्हाला?

टॉवेलवाला
नमस्कार मंडळी. आमचं घर मागाचं, मी स्वतः बी.कॉम. फिजिक्सशी संबंध लेकीच्या बारावीपुरताच. परवा ती प्रकाशाच्या दुहेरी स्वरूपाचा धडा मोठ्यानं वाचत होती आणि मी शेजारी सुताची बिलं लावत बसलो होतो. तिनं वाचलं की ठरावीक मर्यादेपेक्षा कमी वारंवारतेचा प्रकाश धातूवर पडला तर तो कितीही प्रखर असला तरी एकही इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाही. म्हटलं, परत वाच. परत तेच.

माझं म्हणणं सरळ आहे. प्रकाश म्हणजे ऊर्जा. दिवा दुप्पट, तर ऊर्जा दुप्पट. एकीकडे हजार वॅटचा लाल दिवा आणि दुसरीकडे पाच वॅटचा निळा. जास्त माल लालकडे. तरी इलेक्ट्रॉन निळ्याच्या हाकेला ओ देणार आणि लालसमोर ढिम्म बसणार, हा कुठला हिशेब? आणि त्यावरून थेट 'प्रकाश कणांचा असतो' म्हणायचं? लेक म्हणते, बाबा, दोन मार्कांना येतं, इतकं खोलात जायचं नसतं. मला जायचंय. बी.कॉम.वाल्याला झेपेल असं कोणी सांगेल का?

उगाच
मे महिन्यात दुपारी दीडला पत्र्याच्या शेडमध्ये मागावर उभे राहा. इलेक्ट्रॉनचं सोडा, आत्माच बाहेर पडतो. वारंवारतेची अट नाही.

गड्डा_यात्री
एक नंबर बे 😂

फिजिक्सच्या_बाई
टॉवेलवाले, हिशेब बरोबर मांडलाय, फक्त त्यात एक गोष्ट न सांगता धरली आहे. इलेक्ट्रॉन ऊर्जा थोडी थोडी घेऊन साठवत बसतो, असं तुम्ही समजताय. तो साठवत नाही.

झाडावर कैरी आहे. तिच्यावर दिवसभर मूठमूठ वाळू फेका. घमेली रिकामी होतील, कैरी पडणार नाही. एक दगड नेमका लागला की पडली. वाळूचं एकूण वजन दगडापेक्षा कितीतरी जास्त होतं, पण कैरीशी गाठ पडली ती एकेका कणाची. प्रकाश धातूला अशाच सुट्या पुड्यांमध्ये ऊर्जा देतो आणि पुडी केवढी हे रंगावर, म्हणजे वारंवारतेवर, ठरतं (लालची वारंवारता कमी, निळ्याची जास्त). दिवा मोठा केला की पुड्यांची संख्या वाढते, पुडी मोठी होत नाही.

आता आकडे. पुडीची ऊर्जा काढायची सोपी रीत म्हणजे १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीनं भागायचं, उत्तर इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये, म्हणजे ऊर्जेच्या एका बारीक मापात, येतं. लाल ६५० नॅनोमीटर, म्हणजे साधारण १.९. निळा ४५० धरला तर २.७५. सोडियममधून इलेक्ट्रॉन काढायला लागतात सुमारे २.३. लाल पुडी कमी पडते. निळी पुरते, वर साधारण ०.४५ उरतात आणि ते घेऊन इलेक्ट्रॉन पळतो. आइन्स्टाइनचं १९०५ चं समीकरण एवढंच आहे. आलेली पुडी वजा बाहेर पडायचा खर्च, बरोबर इलेक्ट्रॉनची जास्तीत जास्त गतिज ऊर्जा. बी.कॉम.ला याहून अवघड ताळेबंद असतात.

टॉवेलवाला
बाई, ताळेबंद कळला. पण दोन वाळूचे कण एकदम लागले तर? हजार वॅटचा दिवा आहे, कण काय थोडे असतील?

फिजिक्सच्या_बाई
थोडे मुळीच नाहीत. पाच-पन्नास रुपयांना मिळणारा तो लाल लेझर पॉइंटर घ्या, एक मिलिवॅटचा. भागाकार केला तर सेकंदाला सुमारे ३३ कोटी गुणिले एक कोटी फोटॉन, म्हणजे प्रकाशाच्या पुड्या, निघतात.

उगाच
म्हणजे तेहतीस कोटी देव आणि प्रत्येकामागे एक कोटी भक्त. दर सेकंदाला! आणि एवढ्यांच्यानं एक इलेक्ट्रॉन हलेना?

फिजिक्सच्या_बाई
हलेना. कारण अणूही तितकेच अफाट आहेत आणि एकाच इलेक्ट्रॉनला एकाच क्षणी दोन फोटॉन गाठायची शक्यता साध्या प्रकाशात नगण्य. अशक्य मात्र नाही. एकाच वेळी दोन फोटॉन शोषले जाऊ शकतात हे मारिया गेपर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये कागदावर दाखवलं होतं. प्रत्यक्ष दिसायला लेझर यावा लागला, १९६१ मध्ये. तेव्हा टॉवेलवाल्यांची शंका रास्त आहे, पुस्तकातल्या 'कितीही प्रखर' या शब्दांना तेवढी मर्यादा आहे.

शंकेखोर
आणखी एक मर्यादा. हजार वॅटचा लाल दिवा जवळ धरला तर धातू तापेल, आणि पुरेसा तापला तर उष्णतेनंच इलेक्ट्रॉन सोडेल. जुन्या रेडिओच्या व्हॉल्व्हमध्ये तेच चालायचं. पण तो वेगळा परिणाम. मुलीनं परीक्षेत लिहू नये.

हायपो
बऱ्याच दिवसांनी इथे माझ्या धंद्याचा विषय निघाला.

आमचा स्टुडिओ होता, वडिलांच्या वेळचा, नवी पेठेजवळच्या एका बोळात. मी डार्करूममध्येच मोठा झालो म्हणा. टॉवेलवाले, तुम्हाला जे पटत नाही त्यावर आमची चूल पेटायची. ब्लॅक अँड व्हाइटचा ब्रोमाइड पेपर लाल दिव्याखाली उघडायचा, एन्लार्जरखाली लावायचा, डेव्हलपरच्या ट्रेमध्ये हलवत बसायचं, चेहरा हळूहळू वर येताना बघायचा, मग पाणी, मग हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं द्रावण. एवढा वेळ तो कागद लाल उजेडात उघडा, आणि त्याला काही होत नाही. एन्लार्जरचा पांढरा उजेड मात्र मोजून काही सेकंदच द्यायचा. दोन सेकंद जास्त झाले की चेहरा काळवंडला.

एकदा खरा सेफलाइट, म्हणजे डार्करूमचा तो लाल दिवा, फुटला म्हणून लाल रंग दिलेला साधा बल्ब लावला. लग्नाची मोठी ऑर्डर होती. प्रिंट सगळे करडे, धुरकट यायला लागले. वडिलांनी आधी डेव्हलपर बदलला, मग पेपरचं पाकीट. शेवटी दिवा बंद करून होल्डरकडे नीट बघितलं. बल्बच्या मानेजवळ, होल्डरमध्ये बसवताना घासून, टाचणीच्या डोक्याएवढा रंग उडाला होता. तेवढ्यातून पांढरा उजेड निसटत होता. पूर्ण खोली लाल उजेडानं भरलेली असताना कागद बिघडला तो त्या टाचणीएवढ्या पांढऱ्यानं. लालकडे जास्त माल होता की ओ! चालला नाही.

टॉवेलवाला
हायपोकाका, हे मात्र आत कुठेतरी बसलं. पण तो कागद, धातू नव्हे.

फिजिक्सच्या_बाई
तत्त्व तेच. कागदावर सिल्व्हर ब्रोमाइडचे स्फटिक असतात. त्यातला इलेक्ट्रॉन जागचा उठायला साधारण निळ्या फोटॉनएवढी ऊर्जा लागते. इथे इलेक्ट्रॉन स्फटिकाबाहेर पडत नाही, आतल्या आत मोकळा होतो आणि तिथे चांदीचा कण जमायला सुरुवात होते. लालची पुडी अपुरी.

हायपो
बरोबर. आणि म्हणूनच फिल्म मात्र लाल दिव्यात उघडता येत नसे. पॅनक्रोमॅटिक फिल्ममध्ये रंगद्रव्य घातलेलं असतं, ते लालही पकडतं. ती गुडुप अंधारात, बोटांनी चाचपत रीळावर चढवायची. रंगीत पेपरलाही लाल दिवा नाहीच.

सोलर_काका
विषय निघालाच आहे तर. गेल्या वर्षी गच्चीवर पॅनेल बसवली. बसवणाऱ्यानं सांगितलं की सोलापूर म्हणजे सोन्याची खाण, मे महिन्यात मीटर उलटा पळेल. मेमध्ये ऊन रणरणतं, पारा ४३-४४, आणि कडक दुपारी पॅनेल फेब्रुवारीच्या दुपारपेक्षा कमीच देतंय. फसवलं का मला? आणि हाही फोटोइलेक्ट्रिकच ना, उजेडानं इलेक्ट्रॉन सुटण्याचा प्रकार?

गड्डा_यात्री
काका, धूळ पुसता का? आमच्याकडे एक पावसाळी ढग येऊन नुसतं चार थेंब टाकून गेला तर पॅनेलवर चिखलाची नक्षी होते.

लेथवाला
सोलर काका, फसवलं नाही, अर्धंच सांगितलं. पॅनेलला उजेड हवा, उष्णता नको. पॅनेलवर लिहिलेले वॅट २५ अंशांना मोजलेले असतात. मेमध्ये आत काच तापून ६५ अंशांवर जाते. दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घट धरा. चाळीस अंश जास्त म्हणजे १२ ते १६ टक्के तिथेच गेले. पॅनेल पत्र्याला चिकटवून लावली असतील तर आणखी. खालून वारा खेळायला जागा ठेवली आहे का बघा.

सोलर_काका
चिकटवूनच लावलीत 🤦 म्हणे उंच केलं तर वाऱ्यानं उडतील.

शंकेखोर
काकांच्या दुसऱ्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नाही. पॅनेलमध्ये होतो तो फोटोव्होल्टाइक परिणाम. बेकरेल यांनी १८३९ मध्येच पाहिलेला, फोटोइलेक्ट्रिक परिणाम पहिल्यांदा पाहणाऱ्या हर्ट्झच्या कितीतरी आधी. भाऊबंद आहेत, एक नव्हेत. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनला बाहेर काढायचं नसतं, आतल्या आत ऊर्जेच्या वरच्या पट्ट्यात ढकलायचं असतं. त्याला १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात, म्हणून लालच नव्हे, थोडा अवरक्त प्रकाशही चालतो. निळा फोटॉन २.७५ घेऊन आला तर १.१ च्या वरचं बहुतेक उष्णतेत जातं. पॅनेल तापण्यात त्याचाही वाटा.

नीलाक्षी
मूळची अशोक चौकाची, सध्या पुण्यात एम.एस्सी. इतिहास सांगायचा मोह आवरत नाही.

फोटोइलेक्ट्रिक परिणाम पहिल्यांदा दिसला तो हर्ट्झला, १८८७ मध्ये, कार्ल्सरूहला. गंमत म्हणजे प्रकाश ही विद्युतचुंबकीय लाट आहे हे सिद्ध करायच्याच प्रयोगांत. एका बाजूला ठिणगी पाडायची आणि लांबच्या तारेच्या फटीत उठणारी बारीक ठिणगी बघायची. ती नीट दिसावी म्हणून त्यानं तिला अंधाऱ्या पेटीत ठेवलं, तर ती आखूडच झाली. मध्ये काच ठेवली तरी आखूड, क्वार्ट्झ ठेवला तर पुन्हा पूर्ववत. पहिल्या ठिणगीतला अतिनील प्रकाश काच अडवत होती. ज्या टेबलावर लाटेचा पुरावा मिळाला तिथेच लाटेला न जुमानणारी गोष्ट सापडली. त्यानं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आणि पुढे गेला.

मग १९०२ मध्ये लेनार्ड. त्यानं मोजलं की प्रकाश वाढवला तर इलेक्ट्रॉन जास्त निघतात, पण एकेकाची ऊर्जा वाढत नाही. टॉवेलवाले काका, तुम्हाला खटकलेलं नेमकं हेच. हाच लेनार्ड पुढे नाझी झाला आणि आइन्स्टाइनच्या भौतिकीला 'ज्यू भौतिकी' म्हणत फिरला. ज्याच्या मोजमापावर आइन्स्टाइन उभा राहिला तोच.

लेथवाला
नीलाक्षी, मिलिकन राहिला. तो आमचा माणूस.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत आयुष्य काढलं, लेथवर. मिलिकनला आइन्स्टाइनचं म्हणणं मुळीच पटलेलं नव्हतं. चूक ठरवायच्या इराद्यानंच दहाएक वर्षं त्यात घातली म्हणतात. अडचण अशी की सोडियम-पोटॅशियम हवेत आले की क्षणात त्यांच्यावर थर चढतो आणि मोजमाप खोटं येतं. मग यानं काय करावं? काचेच्या निर्वात नळीच्या आत फिरतं पातं बसवलं. बाहेरून विद्युतचुंबकानं ते हलवायचं, धातूचा पापुद्रा सोलायचा आणि कोऱ्या पृष्ठभागावर लगेच उजेड टाकायचा. स्वतःच म्हणायचा की निर्वातातलं मशीन शॉप आहे हे. आम्ही कूलंट लावून, हातानं फीड देऊन मायक्रॉनसाठी घाम गाळायचो, यानं हात न लावता काचेत टर्निंग केलं!

१९१६ ला निकाल आला. आलेख सरळ रेषेत, प्लँकचा स्थिरांक, म्हणजे वारंवारतेला ज्यानं गुणलं की पुडीची ऊर्जा येते तो आकडा, अर्ध्या टक्क्याच्या आत. समीकरण तंतोतंत खरं निघालं. तरी त्या पेपरातही तो म्हणतो की यामागची प्रकाशकणांची कल्पना धाडसी, किंबहुना अविचारी आहे. त्याला १९२३ चं नोबेल मिळालं.

टॉवेलवाला
म्हणजे ज्यानं मोजलं त्यालाच पटलेलं नव्हतं. मग मी एकटा नाही.

उगाच
आता नोबेलसाठी अर्ज करा. पत्ता लिहा, शेंगाचटणीचा डबा जोडा.

चाटी_गल्ली
शेंगाचटणीवरून आठवलं, कडक भाकरी पुण्यात चांगली कुठे मिळते? नीलाक्षी?

नीलाक्षी
मिळते, पण घरची आठवण आणखी वाढते. आई बसने पार्सल पाठवते. विषयावर या हो 🙂

शंकेखोर
विषयावरच येतो, आणि टॉवेलवाल्यांच्या बाजूनं येतो.

त्यांच्या पहिल्या पोस्टमध्ये दोन प्रश्न आहेत आणि सगळ्यांनी पहिल्याचंच उत्तर दिलं. रंगच का ठरवतो, हे झालं. दुसरा प्रश्न होता, यावरून प्रकाश कणांचा आहे हे सिद्ध होतं का? पुस्तक 'होतं' म्हणून मोकळं होतं. मला ते घाईचं वाटतं.

धातूतल्या इलेक्ट्रॉनला क्वांटमचे नियम लावा आणि प्रकाश मात्र जुन्या पद्धतीची लाटच ठेवा. तरीही मर्यादा-वारंवारता मिळते आणि आइन्स्टाइनचं समीकरणही मिळतं. लॅम्ब आणि स्कली यांनी १९६९ मध्ये हे करून दाखवलं. म्हणजे फोटोइलेक्ट्रिक परिणामातून 'देवाणघेवाण पुड्यांत होते' इतकं नक्की म्हणता येतं. 'प्रकाश स्वतः पुड्यांचा आहे' हे त्यापुढचं विधान.

नोबेल समितीही सावध होती. आइन्स्टाइनला १९२१ चं पारितोषिक, जे प्रत्यक्षात १९२२ मध्ये जाहीर झालं, ते 'फोटोइलेक्ट्रिक परिणामाचा नियम' शोधल्याबद्दल. नियम! प्रकाशकणांचं नाव त्यात नाही. अणूची रचना सांगणारा खुद्द बोर १९२४ पर्यंत प्रकाशकण टाळायच्या खटपटीत होता.

फिजिक्सच्या_बाई
शंकेखोर, १९२३ चा कॉम्प्टन विसरलात. एक्स-किरण इलेक्ट्रॉनवर आपटून परत येतात तेव्हा त्यांची तरंगलांबी वाढते, आणि हिशेब दोन गोट्यांच्या टकरीसारखा जुळतो, ऊर्जा आणि संवेग दोन्ही. १९२५ मध्ये बोथे आणि गायगर यांनी दाखवलं की उडालेला इलेक्ट्रॉन आणि विखुरलेला किरण एकाच वेळी सापडतात. तिथे बोरनेही नाद सोडला. आणि १९२४ चे आपले सत्येंद्रनाथ बोस? ढाक्याहून आइन्स्टाइनला पेपर पाठवला, प्रकाशाला सरळ कणांचा वायू धरून तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाचा प्लँकचा नियम काढला. एवढं सगळं उभं राहिल्यावर घाई कसली?

शिवाय वेळेचा मुद्दा. अगदी मंद प्रकाश घ्या, चौरस मीटरला एक लाखांश वॅट. लाट सगळीकडे सारखी पसरली असेल तर एका अणूच्या वाट्याला इतकं कमी येतं की २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट जमायला महिन्याहून जास्त लागेल. प्रत्यक्षात पहिले इलेक्ट्रॉन लगेच निघतात.

शंकेखोर
बाई, कॉम्प्टन मान्य, बोस मान्य. वेळेचा मुद्दाही लॅम्ब-स्कली पद्धतीत सुटतो असं ते म्हणतात, पण तिथे एकेका घटनेत ऊर्जेचा ताळेबंद बसत नाही, सरासरीतच बसतो. ती त्यांची लंगडी बाजू, कबूल.

माझ्या मते शेवटचा खिळा १९८६ चा. ग्रँजिए, रोजे आणि आस्पे, पॅरिसजवळ ओर्सेला. एका वेळी एकच फोटॉन सुटेल असा उगम केला आणि वाटेत अर्धपारदर्शक आरसा ठेवला. लाट असेल तर अर्धी इकडे, अर्धी तिकडे जाईल आणि दोन्ही शोधक कधी ना कधी एकदम वाजतील. वाजायला हवे होते त्यापेक्षा फारच कमी वेळा वाजले. फोटॉन अर्धा होत नाही, जातो तो एकीकडे सबंध. हा प्रयोग बारावीच्या धड्यात हवा, असं माझं मत.

टॉवेलवाला
हे खरं उत्तर! अर्धा होत नाही, हे कापडवाल्याला लगेच समजतं. पण मग पट्टे? लेकीच्या पुस्तकात त्याच्या आधीच्याच धड्यात दोन फटींतून प्रकाशाचे काळे-पांढरे पट्टे आहेत. एक-एक सोडला तर पट्टे जायला हवेत.

शंकेखोर
जात नाहीत. त्याच तिघांनी त्याच वर्षी, त्याच उगमावर, एक-एक फोटॉन सोडून पट्टे मिळवले. त्याआधी १९०९ मध्ये जी. आय. टेलर यांनी अतिमंद उजेडात सुईच्या सावलीचा फोटो घेतला होता. एक्स्पोजर सुमारे तीन महिने! पट्टे तसेच. तेवढ्या काळात ते बोटीतून फिरून आले असं सांगतात.

हायपो
तीन महिने कॅमेरा हलला नाही? मानलं.

टॉवेलवाला
मग तो जातो कुठल्या फटीतून?

शंकेखोर
तो शोधायला गेलात की पट्टे पुसले जातात. याच्यापुढे मी गणित सांगू शकतो, चित्र नाही सांगू शकत.

नीलाक्षी
दिवाळीत सोलापूरला आले होते, तेव्हा टॉवेलवाले काकांच्याच दुकानामागे आम्ही प्रयोग करून पाहिला. त्यांची मुलगीही होती. कोणाला करायचा असेल तर कृती देते.

काचेची बरणी, झाकणातून तांब्याची तार, खाली ॲल्युमिनियम फॉइलच्या दोन पातळ पट्ट्या. तारेच्या वरच्या टोकाला जस्ताचा पत्रा. जस्त विकत नाही आणलं, मोठा जुना सेल कापून त्याचं कवच उघडून सपाट केलं आणि पॉलिश पेपरनं चकचकीत घासलं. हे घासणं महत्त्वाचं. संध्याकाळपर्यंत ठेवलं तर पुन्हा घासावं लागलं. पीव्हीसी पाइप दुकानातल्याच टॉवेलनं घासून पत्र्याला लावला की ऋण भार येतो आणि पट्ट्या फाकतात. सोलापूरची कोरडी हवा इथे कामी येते. पुण्यात पावसाळ्यात हाच भार बघता बघता गळतो.

उजेडासाठी वॉटर प्युरिफायरमधली अतिनील नळी, २५४ नॅनोमीटरची. म्हणजे ४.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, जस्ताला लागतात साधारण ४.३. ही नळी उघड्या डोळ्यांनी बघायची नाही, कातडीवरही घ्यायची नाही. खोक्यात बंद करून एकाच बाजूनं भोक ठेवलं होतं, आणि चालू-बंद मीच करत होते.

नळी लावली की पट्ट्या सरसर खाली. मध्ये खिडकीची काच धरली की जिथल्या तिथे थांबल्या, काढली की पुन्हा पडायला लागल्या. धन भार दिला तेव्हा नळी लावूनही हलल्या नाहीत. मग लाल लेझर. काकांनी तो स्वतः धरला, हात दुखेपर्यंत. नंतर हॅलोजनचा फोकसही आणला.

उगाच
मग?

टॉवेलवाला
पत्रा गरम झाला. पट्ट्या तशाच.

रंगाचं खातं बंद करतो. कणाचं उघडं ठेवतो, शंकेखोर त्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं चित्र सांगेपर्यंत. बाई, लेकीचा एक प्रश्न आहे. स्टॉपिंग पोटेन्शियल, म्हणजे निघालेले इलेक्ट्रॉन पुरते अडवायला लागणारे व्होल्ट, आणि वारंवारता यांच्या आलेखाचा चढ प्लँकचा स्थिरांक असतो असं तिच्या क्लासच्या नोट्समध्ये आहे. बरोबर का?

फिजिक्सच्या_बाई
उभ्या अक्षावर ऊर्जा असेल तर बरोबर. व्होल्ट असतील तर चढ म्हणजे एच भागिले ई, प्लँकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनचा भार. तो 'भागिले ई' दरवर्षी अर्धा वर्ग विसरतो आणि मार्क जातात. तिला अक्ष आधी वाचायला सांगा.